पायवाट पायांसाठीच ठेवा

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या बसस्टँडवरून दक्षिणेला मान वळवा. समोर गर्भगिरी. मढीला कानिफनाथ, घाटशिरसजवळ वृद्धेश्वर आणि डोंगरापलीकडे, बीड जिल्ह्याच्या हद्दीत, मायंबाला मच्छिंद्रनाथ. या ठाण्यांकडे जाणाऱ्या वाटा गुराख्यांनी, भाविकांनी, गोदावरीचं पाणी आणणाऱ्या कावडीवाल्यांनी मळल्या. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीची यात्रा भरते, तेव्हा आजही माणसं पायी येतात.

आपली तरुण पोरं मात्र डोंगर चढायला अकोले तालुक्यात जातात. जरूर जावं. 1646 मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आपल्याच जिल्ह्यात आहे. पण दारातला डोंगर पायाखाली न घालता जिल्ह्याचं दुसरं टोक गाठायचं, हे मला पटत नाही. श्रावणात एकदा वृद्धेश्वरला चालत जा. झाडी, झरे, सीताफळीची रानं, मोरांची केका. त्याला तिकीट नाही, रांग नाही. सायकलवाल्यांनाही इथल्या गाडीवाटा पुरून उरतील.

आता कळीचा मुद्दा. रस्ता सोडून मोटारसायकली आणि जीपगाड्या थेट उतारावर घालायचं वेड वाढतंय. त्याने काय होतं, ते मी गुडघे टेकून पाहिलंय. पाणी अडवायला डोंगरावर समतल चर खोदलेले असतात. चराच्या कडेला मातीचा वीतभर भराव, त्यावर कुसळी गवताने धरलेली मुळं. चाक त्यावरून गेलं की भराव फुटतो, गवत उपटून येतं. पहिल्याच पावसात पाणी त्या खिंडारातून निसटतं, चाकोरी धरून खाली धावतं. दोन पावसाळ्यांत तिथं ओघळ पडते आणि माती खालच्या नाल्यात जाते. पाथर्डी तालुक्यातली हजारो कुटुंबं पाण्याअभावीच कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. इथं अडलेला थेंब म्हणजे कुणाचं तरी घरी राहणं आहे. तो थेंब मौजेखातर वाहून घालवायचा हक्क कुणालाही नाही.

गाडीचा कस लावायचाय? नगरमध्येच संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. लष्कराच्या गाड्या तपासायला तिथं खास चाचणीमार्ग बांधलेत. लष्कराच्या गाडीला ठरलेली जागा लागते, मग हौसेच्या गाडीला का नको? हौशी मंडळींनी मालकाच्या परवानगीने पडीक रान घ्यावं, तिथं खुशाल चिखल उडवावा. राखीव वनात विनापरवाना शिरणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावं.

आणि रात्री तर डोंगरात कुणीच जाऊ नये. 2020 च्या ऑक्टोबरात याच पायथ्याच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांचे जीव गेले. ती घरं अजून सावरलेली नाहीत.

ग्रामपंचायतींनी वन विभागाला सोबत घेऊन एवढंच करावं: मढी, वृद्धेश्वर, मायंबाच्या जुन्या वाटांवर चुन्याच्या खुणा, फाट्यावर मराठी पाटी, आणि जिथं पायवाट सुरू होते तिथं गाडी अडेल असे दोन दगडी खांब. गावातल्याच दोन पोरांना वाटाडे नेमा, त्यांना रोजगार मिळेल.

आणि तुम्ही, या रविवारी गाडी तिसगावातच लावा. पाण्याची बाटली घ्या, सकाळी लवकर निघा, चालत जा.