मापाला लागलेलं तूप

जुन्या बाजारातल्या माणसाने ते मला 'हार्टचं मशीन' म्हणून विकलं. "साहेब, दवाखान्यातलं आहे. सगळं ओके आहे, पडद्यावर फक्त रेघ यायची बाकी आहे." हार्टच्या मशीनवर नुसती रेघ आली तर पेशंटचं काय झालेलं असतं, हे मी त्याला सांगत बसलो नाही. तो ऑसिलोस्कोप होता, विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा. दोन चॅनेल, २० मेगाहर्ट्‌झ. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा अंदाज घेऊन त्याने ७०० रुपये सांगितले, मी ५०० म्हणालो, ६०० ला तुटलं.

मागच्या पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटने घातलेला डेड स्टॉक नंबर होता. तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक मापन शिकवल्यामुळे तो पिवळा रंग मी दुरूनही ओळखतो. हा नंबर ज्या रजिस्टरातला, त्याचं सरकारी नाव जडसंग्रह नोंदवही. नवंकोरं यंत्र खोक्यातून बाहेर आलं, की त्याच दिवशी त्याची नोंद डेड स्टॉकात व्हायची. पुढे ते खरोखरच मेलं, की निर्लेखनाचा कागद फिरून येईपर्यंत कपाटात जिवापाड जपलं जायचं. उघडायचं मात्र नाही. उघडल्यावर आणखी बिघडलं तर सही कोणाची? त्यामुळे ऑसिलोस्कोपच्या आतड्यांची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली, पण आतडी पाहिली ती निवृत्तीनंतर, आमच्या मागच्या गॅलरीत.

ही गॅलरी सहा फूट बाय चार. तिथली यंत्रं एकमेकांच्या दुरुस्तीसाठीच जगतात. पॉवर सप्लाय मी मीटरच्या मदतीने दुरुस्त केला. तो मीटर त्याआधी याच पॉवर सप्लायवर तपासलेला होता, म्हणजे सप्लाय बिघडायच्या आधी. सिग्नल जनरेटर ठीक आहे की नाही हे बघायला स्कोप हवा, म्हणून हा स्कोप आणला. आता स्कोपमध्ये काय बिघडलंय ते बघायला दुसरा स्कोप हवा. हे हिला समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "अहो, पण मिक्सर?" मिक्सरची मोटर तपासण्याआधी ज्या मीटरने तपासायची तो खरं बोलतो का, एवढंच मला बघायचं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मुलाने १५० रुपयांत वीस मिनिटांत मिक्सर चालू करून दिला. मीटर न वापरता.

मीटरचं दुखणं खरं आहे, बरं का. माझ्याकडे एकच मीटर होता तेव्हा नऊ व्होल्टची बॅटरी ९.२१ व्होल्टची असे आणि मला झोप चांगली लागे. दुसरा घेतला, तो ९.३४ म्हणतो. तिसरा काट्याचा. त्याचं म्हणणं, नऊ आणि वर चिमूटभर. कॉलेजात असल्या तंट्यांचा निवाडा वेस्टन सेल करायचा: इंग्रजी एच आकाराची काचेची नळी, आत पारा आणि कॅडमियम, २० अंश सेल्सियसला १.०१८६ व्होल्ट. १९११ साली व्होल्टचं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून तो मान्य झाला होता. त्याचं पथ्य एकच, त्यातून करंट ओढायचा नाही. साक्षीला बोलवायचं, कामाला लावायचं नाही. आमचे विद्यार्थी त्यावर टॉर्चचा बल्ब लावून बघत.

आजी तूप मोजून द्यायची, तेव्हा मापाच्या कडेला थोडं लागून राहायचं. ते मोजणाऱ्याचं, म्हणजे माझं. बोटाने पुसून घ्यायचो. मीटरचंही तसंच. मोजताना तो सर्किटमधलं थोडं पितोच. माझा डिजिटल मीटर आपल्या अंगातून १० मेगओहमची वाट देतो. घरच्या वायरिंगला ती जाणवतही नाही. पण स्कोपच्या पिक्चर ट्यूबला दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो, आणि तिथे ठिपक्याचा उजेड नि रेखीवपणा सांभाळणारी रेझिस्टरांची माळ असते, तीच मुळी मेगओहमांची. तिथे मीटर लावला की माळेचा हिशेबच बदलतो. मीटर खरं बोलत असतो, फक्त तो आल्यानंतरचं.

त्या दोन हजार व्होल्टच्या जवळ जाताना डावा हात खिशात ठेवावा, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जात नाही. हा जुना नियम मी मुलांना परीक्षेत विचारायचो. घरच्या लेंग्याला खिसा नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. हिने शिवून दिला. डावीकडेच का, असं तिने विचारलं नाही. आता ती काहीच विचारत नाही.

संशयित यंत्र पहिल्यांदा थेट प्लगला लावत नाहीत. मध्ये सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब घालतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. नसेल तर क्षणभर उजळून मंदावतो. बल्बच्या तारेचा हा गुण, तापली की रोध वाढण्याचा, मोठमोठ्यांच्या कामी आला आहे. पालो आल्टोच्या गॅरेजात १९३९ साली ह्यूलेट-पॅकार्ड सुरू झाली ती विल्यम ह्यूलेटच्या ऑसिलेटरवर. त्यातही एक चिमुकला बल्बच सिग्नल आवरून धरायचा. तापकीर गल्लीत मी असा बल्ब मागितला तर दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, एलईडी न्या ना. लाइटबिल किती येईल!" मी म्हणालो, मला तो पेटायला नकोच आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मालकाला हाक मारली.

बल्ब उजळला, मंदावला. आत एक कंडेन्सर गलेलठ्ठ फुगला होता. त्याचा गुन्हा इतका उघड दिसत होता की मी तत्काळ तो बदलला, मन लावून डाख दिला आणि हिला बोलावून बटण दाबलं. पडदा काळाच. यात तीन आठवडे गेले. शेवटी माळेतले रेझिस्टर एकेक करून, यंत्र बंद ठेवून आणि साठलेला दाब उतरवून मोजले. चौथा, ४.७ मेगओहमचा, आतून तुटलेला निघाला. बाहेरून पिवळा, जांभळा, हिरवा असे तिन्ही पट्टे अगदी काल रंगवल्यासारखे. दाब सोसणारा तसाच सुटा नग मिळेना, म्हणून दोन २.२ चे आणि एक ३३० किलोओहमचा ओळीने जोडले. खर्च तीन रुपये. रिक्षाचे वेगळे.

रेघ आली. हिरवी, बारीक, किंचित डावीकडे झुकलेली. असल्या झुकावामागे पृथ्वीचं चुंबकत्वही असतं, आणि ते सावरायला पुढे एक स्क्रू दिलेला असतो. प्रोबच्या टोकावर बोट ठेवलं तर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची लाट माझ्या अंगातून पडद्यावर गेली. चार घरांत एक लाट; घर ५ मिलिसेकंदांचं, म्हणजे २० मिलिसेकंद. बरोबर. हिला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे हार्टचंच आहे की."

डेड स्टॉक नंबर पुसलेला नाही. आता सिग्नल जनरेटर उघडायचा आहे आणि परवा माझा बल्ब फुटला. तुमच्या माळ्यावर १०० वॅटचा पिवळा बल्ब पडून असेल तर कृपा करून टाकू नका. ६० चा असला तरी चालेल.