संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

पंधरावीचा निकाल लागला की अंबडात पेढे खपतात आणि त्यांच्याबरोबर 'व्यक्तिमत्त्व विकास' हा शब्दही. निरोप समारंभाचे प्रमुख पाहुणे, मग ते कोणीही असोत, सांगतात की तीन वर्षांपूर्वी तुम्ही मातीचे गोळे होतात, आज मूर्ती झालात. समोरच्या मूर्ती टाळ्या वाजवतात. निम्म्या मूर्तींचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण गावाकडची शेवटची एसटी पाहुण्यांच्या भाषणासाठी थांबत नाही.

विकास झाला नाही असं कोण म्हणेल? तेरावीला बोनाफाईड मागायला गेलेलं पोरगं खिडकीशी ततपप करायचं. पंधरावीत तेच पोरगं 'साहेब जेवायला गेलेत' हे ऐकून निवांत कट्ट्यावर बसतं. साहेबांचं जेवण किती वाजता आटोपतं हे त्याला पाठ झालेलं असतं. होम असाइनमेंट एकीने लिहायची आणि वर्गाने उतरवायची, यातून संघभावना वाढली. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस परक्या गावचे रस्ते झाडले. घरी आईने झाडू पुढे केला की मात्र अभ्यास आठवतो. हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते म्हणतात. परीक्षेच्या आठवड्यात मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर ती शंभर टक्के भरते.

या विकासाचे आता टप्पेही पाडले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षात बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांत पदविका, तीन वर्षांत पदवी आणि चौथ्या वर्षापर्यंत तग धरलात तर ऑनर्स. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे 2024-25 पासून आलं. दिल्लीकरांना ही कल्पना फार नवी वाटली असावी. आमच्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पाऊस दगा देतो, मोसंबीची बाग वाळते, बाप म्हणतो, "बास झालं आता." झालं, पोरगं बाहेर. एसटीच्या मागच्या खिडकीवर लिहिलेलं असतं ना, तसाच हा मार्ग. फरक एवढाच, की पूर्वी उडी मारणाऱ्याच्या हातात कागद देत नसत.

मुलींसाठी तर हा मार्ग सरकारनेच रुंद करून ठेवलाय. गावाहून शाळेला येणाऱ्या मुलीला एसटीचा पास अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत फुकट असतो, तो बारावीपर्यंत. तेरावीपासून पैसे भरा, सवलतीत का होईना. मत्स्योदरीच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाईंना देतात. त्यांच्या नावाने देवीपर्यंत पोचता येतं, कॉलेजच्या फाटकाशी मात्र तिकीट काढावं लागतं. तरीही मुलगी येते. तेरावी होते न होते तोच पाहुणे येतात. हे पाहुणे भाषण करत नाहीत, पोहे खातात आणि तारीख काढतात. पहिल्याच वर्षी बाहेर पडून प्रमाणपत्र हवं असेल तर उन्हाळ्यात 4 श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पुरा करा, असा नियम आहे. उन्हाळ्यातच आमच्याकडे लग्नसराई असते. धोरण करणाऱ्यांच्या घरी बहुधा दिवाळीनंतरचे मुहूर्त धरत असावेत. श्रेयांक सात वर्षं शाबूत राहतात, तेवढ्यात परत येऊन पदवी पुरी करायची मुभा आहे. तोवर तिचा थोरला पहिलीत जाईल. मायलेकांनी एकाच एसटीने यावं.

राहिले ते सगळे टप्पे पार करणारे. त्यांचा पूर्ण विकास झालेला असल्याने ते तलाठी व्हायला निघतात, कारण त्या पदाला पदवी लागते. 2023 ला राज्यात 4,644 जागा निघाल्या, अर्ज दहा लाखांवर आले. शुल्क खुल्या वर्गाला 1000 रुपये, राखीवला 900. ज्यांच्या खिशात पहिल्यांदाच एवढी रक्कम आली, त्यांनी ती लगेच राष्ट्रकार्याला लावली.

निकालाची वाट पाहता पाहता पदवीधर पहाटे मैदानावर उतरतो, कारण पोलीस भरतीही तोंडावर असते. तिथे सोळाशे मीटर धावायचं असतं आणि पात्रता बारावी पास. शेजारच्या रांगेत त्याला गावचाच तो पोरगा भेटतो, तेरावीत बाहेर पडलेला. दोघे एकत्र सुटतात. पदवीधर दुसऱ्या फेरीला धापा टाकू लागतो आणि तो मात्र पुढे निघून जातो, कारण त्याचा सराव दोन वर्षांनी जास्त आहे.