प्रकल्पकार

मराठी विषयात एम.ए. करताना एखाद्या कथेवर शोधप्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रकल्पकार म्हणतात. पूर्वी तो तुरळक आढळे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर वर्गात शोधप्रकल्प आणल्यापासून तो बाकागणिक आढळतो. सबमिशनची तारीख ही त्याची मुख्य वाङ्मयीन प्रेरणा होय.

कादंबरीपेक्षा कथा आखूड असते, हे प्रकल्पकाराचे पहिले संशोधन. ते हाती आले की विषयनिवड सुरू होते. जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ तो ग्रंथालयातून मोठ्या उमेदीने नेतो आणि चौथ्या दिवशी, दंड लागत नसतानाही, परत करतो. गंगाधर गाडगीळांच्या नवकथेत मनाच्या आत पुष्कळ घडते, पण बाहेर फारसे काही घडत नाही. त्यामुळे ‘कथानक’ या मथळ्याखाली काय लिहावे, असा पेच पडतो. अखेर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला धर्मा रामोशी त्याच्या तावडीत सापडतो. मजकूर थोडा, भाषा सोपी आणि धर्मा तक्रार करणाऱ्यातला नव्हे.

शीर्षक ठरवणे हा गाइडचा अधिकार. प्रकल्पकार ‘धर्मा रामोशी’ एवढेच लिहून नेतो. परत येते ते ‘धर्मा रामोशीमधील ग्रामीण जीवनजाणिवा : आशय आणि अभिव्यक्तीच्या अनुषंगाने एक चिकित्सक अभ्यास’. दुसरा अभ्यास होण्याची भीती नसली, तरी ‘एक’ लागतोच.

पहिले प्रकरण ‘कथा : स्वरूप आणि वाटचाल’ हे असते. ते गुणाढ्याच्या बृहत्कथेपासून निघते, पंचतंत्रात मुक्काम करते, 1890 साली सुरू झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’पाशी दम खाते आणि दिवाकर कृष्णांना नमस्कार करून नवकथेपर्यंत येते. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडल्याची हळहळ व्यक्त करून ते संपते. पाने 34, धर्माने अजून घराबाहेर पाऊल टाकलेले नसते.

दुसऱ्या प्रकरणात लेखक 1927 साली माडगूळ येथे जन्मतो. 1949 साली ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध होताच त्यातला मजकूर कथा म्हणावा की व्यक्तिचित्र, हा वाद उभा राहतो. उभय पक्षांची मते सविस्तर देऊन ‘दोन्ही मतांत तथ्य आहे’ असा निर्वाळा प्रकल्पकार देतो. यात आणखी 11 पाने निघतात.

तिसऱ्या प्रकरणात धर्मा येतो. त्याचे आशय, व्यक्तिरेखा, वातावरण, निवेदन आणि भाषा असे पाच वाटे केले जातात. ‘भाषा’ या वाट्यात ग्रामीण शब्दांची यादी असून प्रत्येकापुढे प्रमाण मराठी अर्थ दिलेला असतो. प्रकल्पकार स्वतः खेड्यातला असला, तर हे शब्द तो घरी रोज बोलतो. यादी करताना मात्र कोशातून उतरवतो.

मजकूर जमवण्यात फाँटचे अडथळे फार. जुन्या प्रबंधाच्या पीडीएफमधला उतारा उचलून चिकटवावा, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा भुगा पडतो. मराठी वाङ्मयाचे चोरीपासून जेवढे रक्षण या फाँटांनी केले, तेवढे कोणत्याही कायद्याने केले नसेल. तरीही जे चिकटते त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत : 10 टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. त्या मर्यादेत बसण्यासाठी प्रकल्पकार ‘दारिद्र्य’चे ‘गरिबी’ करतो, पुढच्या पानावर ‘निर्धनता’ आणि त्यापुढे ‘आर्थिक विपन्नावस्था’. धर्माच्या स्थितीत फरक पडत नाही, टक्का मात्र उतरतो.

निष्कर्ष प्रकरणांच्या आधीच तयार असतात. ‘प्रस्तुत कथेत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आले आहे’ हा पहिला. उरलेले नऊ त्याचेच नातेवाईक.

स्पायरल बाइंडिंग झाले की तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल सर चहा संपेपर्यंत पाने चाळतात आणि सहज विचारतात, “धर्माला दिलेलं धोतर शेवटी कुणाच्या अंगावर दिसतं?”

प्रकल्पकार अनुक्रमणिका उघडतो. धर्माने ते धोतर स्वतः नेसलेले नसते. ते लेकीच्या अंगावर असते. मूळ मजकुरात हे काही ओळींत आले आहे, आणि वाचणारा तिथेच थांबतो. प्रकल्पात ‘आर्थिक विपन्नावस्था’ सात वेळा येते, धोतर एकदाही नाही.

“सर, तो मुद्दा संशोधनाच्या मर्यादेबाहेर ठेवला आहे,” प्रकल्पकार सांगतो. गाइड खिडकीबाहेर पाहतात. टायपिंग स्वच्छ असल्याने श्रेणी चांगली मिळते.

पुढे प्रकल्प विभागाच्या कपाटात जातो. दुसऱ्या वर्षीचा प्रकल्पकार तो बाहेर काढून संदर्भसूचीत पहिल्या क्रमांकावर घालतो. धोतर त्याच्याही प्रकल्पात येत नाही.