शेपूट

(शहापूरजवळ, आसनगावच्या रस्त्याला एक गॅरेज. पौषातली सकाळ. पत्र्याच्या शेडखाली एक बुटकी, लाल, दोनच सीटची सॅन स्टॉर्म. बाकड्यावर मांडीत कापडी पिशवी घेऊन एक म्हातारा बसलेला.)

हौशी : मेस्त्री, तीन आणलेत. कुठला बसवायचा ते तुम्ही ठरवा. फक्त हा मोठा बसवायचा.

मेस्त्री : (खोकी उघडत) मग मी काय ठरवू?

म्हातारा : मला म्हसाच्या जत्रेला सोडतो बोलला होता.

हौशी : सोडतो ना बाबा. हे अर्ध्या तासाचं काम.

म्हातारा : सात वाजतापण अर्धाच तास होता.

मेस्त्री : शेठ, हा मोठा आहे ना, दोन खांब आणि वर फळी, याला विंग बोलतात. विमानाचा पंख उलटा केला की गाडीला उचलायच्या ऐवजी खाली दाबतो, तसं. स्पॉयलर म्हणजे हा बारका, डिकीच्या काठाला चिकटणारा. वारा गुळगुळीत पाठीवरून घसरत येतो आणि जाताजाता मागची बाजू उचलतो. हा मध्येच आडवा येऊन त्याची वाट बिघडवतो. आणि तिसरा... हा कुठल्या गाडीचा?

हौशी : माहीत नाही. स्वस्त होता.

मेस्त्री : यावर चहाचे ग्लास ठेवता येतील. (ठेवतो.)

हौशी : थट्टा नको. जर्मनीत पोर्शेने 1973च्या कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर दिला, तेव्हा कुठे गाडीचा मागचा भाग जमिनीला धरून राहिला. ऑडी टीटी 1998मध्ये आली ती मागून अगदी गोल, साबणाच्या वडीसारखी. जोरात वळताना मागून सुटायला लागली, अपघात झाले, माणसं गेली. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि स्पॉयलर लावून दिले.

मेस्त्री : किती जोरात?

हौशी : 180च्या वर.

मेस्त्री : आणि ही?

हौशी : हीसुद्धा स्पोर्ट्स कार आहे! गोव्यात वेर्ण्याला बनलेली. 1998ची. आपल्या देशात दोन सीटची उघडी गाडी कोण बनवत होतं तेव्हा? रेनॉचं इंजिन आहे, 1149 सीसी, 60 हॉर्सपॉवर.

म्हातारा : साठ घोडे आणि सकाळपासून एकाच जागी.

मेस्त्री : इंजिन चांगलं आहे, मी उघडलंय. पण शेठ, हिचा जोर पुढच्या चाकांना. तुम्ही दाबताय मागची. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा ही फळी 120च्या स्पीडला नऊ किलो दाबते. 40च्या स्पीडला किती?

हौशी : तीन.

मेस्त्री : एक. वेग तिसऱ्या हिश्शावर, दाब नवव्या हिश्शावर. किन्हवलीच्या रस्त्याला चाळीसच्या वर कोण जातं? खड्डा, ब्रेकर, म्हशी, परत खड्डा.

म्हातारा : किलोभरच पायजे तर डिकीत कांदे ठेवा.

हौशी : आणि समृद्धी? जून 2025पासून इगतपुरी ते आमणे रस्ता चालू आहे. आपल्या तालुक्यातून जातो. 120ची मुभा आहे.

मेस्त्री : तिथे पोचेपर्यंत दहा ब्रेकर. तुमच्या गाडीचं पोट तीन ठिकाणी घासलंय, मी पाहिलंय खालून.

(शांतता. चहा संपतो.)

हौशी : मेस्त्री, खरं सांगू? मला मागून रिकामी वाटते ती.

मेस्त्री : हे आधी बोलायचं ना. (बोचऱ्या आवाजात नाही.) आधी टेपने लावून बघू. फायबरला एकदा भोक पडलं की पडलं. पत्र्याला वेल्डिंग आहे, याला मॅट आणि रेझिनचा लेप घालत बसावं लागतं. आणि घाईघाईत ड्रिल दाबलं की भोकाभोवती रंगाला चांदणीसारख्या चिरा जातात. टेप चिकटवायची, टेपवर खूण करायची, बारीक ड्रिलने हळू सुरुवात करायची. आतून पत्र्याची पट्टी, बोल्टला रबरी वायसर, वर सिलिकॉन. नाहीतर पावसाळ्यात डिकीत बेडूक.

म्हातारा : भात लावता येईल.

(विंग टेपने बसते. हौशी नाक्यापर्यंत चक्कर मारून येतो. चेहरा फुललेला.)

हौशी : चार जणांनी फोटो काढले! एकाने विचारलं, फॉरेनची का?

मेस्त्री : स्पीड किती होता?

हौशी : तीस. पुढे पेंढ्याचा ट्रॅक्टर होता.

म्हातारा : (विंगवर अडकलेला पेंढा काढून पिशवीत भरतो) ही वस्तू कामाची आहे.

मेस्त्री : आरशात मागचं काय दिसतं?

हौशी : फळी.

मेस्त्री : आणि डिकी उघडा. (डिकी उघडते आणि आपोआप खाली येते.) वजन वाढलं. तिचा दांडा पेलत नाही. आता सामान काढायला दोन माणसं, एक धरायला.

म्हातारा : बैलाला झूल घातली, शिंगं रंगवली, तरी तो जास्त नाय पळत. पण म्हसाच्या बाजारात गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं. मात्र झूल सोडून ठेवता येते हां. शिंगाला खिळे मारून कोण बसवतं?

हौशी : (एकदम) बरोबर! बीएमडब्ल्यूने हेच केलं होतं. 1973ची थ्री पॉइंट झिरो सीएसएल. एवढा मोठा स्पॉयलर की जर्मनीत रस्त्यावर चालत नव्हता. मग कंपनीने न बसवताच डिकीत टाकून दिला. मालकाने घरी नेऊन काय करायचं ते करावं!

मेस्त्री : आरटीओचं पण तेच. कलम 52 आहे, गाडीत मोठा बदल करायचा नाही. उद्या तुम्ही जुनी गाडी म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मागायला गेलात तर 50 वर्षं झालेली पाहिजेत आणि मूळ रूप टिकलेलं पाहिजे.

हौशी : म्हणजे कधी?

मेस्त्री : 2048.

म्हातारा : तोवर मी थांबतो. नाहीतरी थांबलोच आहे.

हौशी : ठरलं. भोकं नाही मारायची. पट्ट्यांनी बांधायची, म्हसाला पोचल्यावर. रस्त्यात डिकीत.

(मेस्त्री विंग डिकीत घालून बघतो. आडवी जात नाही. उभी जात नाही. तिरकी जाते, झाकण लागत नाही. चार हात, एक गुडघा. शेवटी तो विंग डाव्या सीटवर टेकवतो आणि पट्टा लावतो. छान बसते.)

हौशी : वा! जशी काही हिच्यासाठीच सीट होती.

म्हातारा : आणि मी?

(तिघेही गाडीकडे बघतात. सीट दोनच.)

मेस्त्री : बाबा, मुरबाडची एसटी साडेदहाला असते.

म्हातारा : (पिशवी उचलतो, थांबतो, परत मागे येतो) शेठ, ती फळी एसटीने जाऊ द्या. तिकीट मी काढतो.