आधी कान, मग पुस्तक

पहिलीचा वर्ग. गुरुजी फळ्यावर 'ए' काढतात, पोरं पाटीवर गिरवतात. याला आपण इंग्रजीची सुरुवात म्हणतो. कानावर अजून एक वाक्यही पडलेलं नसतं!

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तेव्हापासून पुस्तकं बदलली, मंत्री बदलले. शिकवणं मात्र अजून डोळ्यांनीच चालू आहे.

मणिबेली घ्या. अक्कलकुवा तालुक्यातलं, सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रात सर्वांत आधी बुडवलेलं गाव. घरात भिलोरी, शाळेत मराठी, नदीपलीकडे गुजराती. इथल्या पोराला इंग्रजी ही तिसरी नाहीतर चौथी भाषा. आधीच्या भाषा त्यानं कुठल्या पुस्तकातून घेतल्या?

कानानं घेतल्या.

मुंबईच्या मुलाला लोकलमधली घोषणा तरी इंग्रजी ऐकवते. मणिबेलीच्या पोराला कोण ऐकवणार? गुरुजी. तेही धडा वाचून लगेच मराठीत अर्थ सांगत असतील, तर पोरानं इंग्रजीकडे कान द्यावा कशाला? अर्थ मागून येतोच आहे.

गुरुजींनाच इंग्रजी बोलायचा धीर होत नाही, असं म्हणतात. असेल. पण त्यावरही तोड निघालेली आहे. पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस'नं मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम आकाशवाणीवर आणला. रेडिओ बोलतो, मुलं उत्तर देतात, गुरुजीही मुलांबरोबर शिकतात. आज तेच काम खिशातला मोबाइल करील. रेंज नसली तरी भरून ठेवलेला आवाज वाजतोच.

आणि मोबाइलही नको असेल, तर जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची रीत आहे, १९६०च्या दशकातली. शिक्षकानं सांगायचं, मुलानं करून दाखवायचं: 'स्टँड अप', 'ओपन द डोअर', 'गिव्ह हर द बॉल'. बोलायची सक्ती नाही. समजलं की नाही ते हातापायांवरून दिसतं. खर्च शून्य. मग वर्गावर्गात का दिसत नाही?

कारण परीक्षेला त्याची गरज नाही.

दहावीला भाषेचे २० गुण, तोंडी परीक्षा धरून, शाळेच्या हाती असतात. २०१९च्या परीक्षेला ते काढले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले. ओरड गुणांसाठी होती. पोरांना साधं बोललेलं इंग्रजी समजत नाही, म्हणून कोण ओरडलं?

ऐकण्याचा एक धडा मणिबेलीच्याच नर्मदा खोऱ्यात आधी गिरवलेला आहे. नर्मदा बचाव आंदोलनानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या, त्या मुलांच्या बोलीला जवळ करून. पोराचं बोलणं समजणारा शिक्षक असला की पोरही कान देतं. भिलोरीला गप्प बसवणाऱ्या वर्गात इंग्रजी काय डोंबल ऐकू येणार?

तेव्हा शिक्षण विभागाला सरळ मागणी. पहिलीत पहिले दोन महिने इंग्रजीचं पुस्तक उघडू नका. रोज पंधरा मिनिटं सूचना, गाणी, गोष्टी ऐकवा. गोष्ट एकदा वाजवून थांबू नका: आधी प्रश्न द्या, मग ऐकवा, पुन्हा ऐकवा. आणि दहावीच्या तोंडी परीक्षेत राज्यभर एकच ध्वनिफीत वाजवा, मणिबेलीच्या मुलांना मुंबईइतकीच.