मधल्या जागेचे शास्त्र

फोन व लॅपटॉप यांच्यामध्ये एक जागा रिकामी असल्याचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये आयपॅड सादर करताना दाखवून दिले, आणि दोन्ही साधने बाळगणाऱ्यांना आपली उणीव प्रथमच उमगली. टॅब्लेट, म्हणजे खिशात न मावणारी व मांडीवर न टिकणारी स्पर्शपाटी, हा त्यावरील उपाय होय. २०२० मध्ये ट्रॅकपॅडयुक्त कळफलक जोडल्यावर १२.९ इंची आयपॅड प्रो सुमारे १.३५ किलोंचा, म्हणजे १.२९ किलोंच्या मॅकबुक एअरहूनही वजनदार झाला; हलकेपणासाठी मोजलेल्या पैशांचे वजन असे ग्राहकाच्या पदरात पुरेपूर पडले. याच न्यायाने लॅपटॉपचा कळफलक उचकटून तो स्वतंत्रपणे विकल्यास प्रगती पूर्ण होईल. शिते चिकटलेल्या पडद्यावर कार्टून पाहत मूल वरणभात निमूट गिळते, हा उपयोग मात्र निर्विवाद आहे; या कामी पूर्वी चिऊ-काऊ विनामूल्य आणि विनाचार्जिंग उपलब्ध असत.