सुध्या ब्युनोस आयर्सकर

अमेरिकेत स्थायिक झालेला मित्र आपल्याला मॉल दाखवतो, लंडनमधला म्युझियम. ब्युनोस आयर्समधला सुध्या दाखवायच्या भानगडीत पडत नाही. तो बसवून ठेवतो.

मूळचा डोंबिवलीचा. तिथे लोकल दोन मिनिटं लेट झाली तरी स्टेशनमास्तरला जाब विचारायला जायचा. आता रात्री नऊचं आमंत्रण असलं की साडेनऊला आंघोळीला जातो. "वेळेवर गेलो तर घरचे घाबरतील रे!" जेवायला दहा वाजतात, आणि जेवण झालं तरी उठायचं नाही, खरकट्या ताटांसमोर हात वाळवत बारा वाजवायचे. याला तिथे 'सोब्रेमेसा' असं भारदस्त नाव आहे.

पण सुध्या खरा पाहावा तो माते पिताना. भोपळ्याच्या छोट्या तुंब्यात वाळक्या पाल्याचा चुरा, त्यात धातूची नळी, वरून गरम पाणी. उकळतं चालत नाही, पाला करपतो, हे तो दर खेपेला सांगतो. पहिला कडू तुंबा ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा. मग तोच तुंबा, तीच नळी, सगळ्यांच्या तोंडी. शाळेत हा मनुष्य सख्ख्या भावाच्या बाटलीतलं पाणीसुद्धा वरून प्यायचा! इथे शेजारचे पेन्शनर आजोबा, त्यांची सून, गॅस दुरुस्त करायला आलेला पोरगा, सगळ्यांनी चोखलेली नळी डोळे मिटून तोंडात धरतो. माझ्या बायकोने पहिल्या घोटानंतर भीत भीत 'ग्रासियास' म्हटलं. माते पिताना आभार मानले की 'आता पुरे' असा अर्थ होतो, त्यामुळे तिला पुन्हा कुणी दिलंच नाही. एवढं फळलेलं सौजन्य मी दुसरं पाहिलं नाही. मी गप्प राहिलो, म्हणून पीत राहिलो.

बँकांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. २००१ च्या डिसेंबरात तिथल्या लोकांच्या ठेवी सरकारने अडकवून ठेवल्या होत्या, आणि २०२३ साली महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा शहाणा अर्जेंटिनी माणूस डॉलर घरातच दडवतो. सुध्याचे मेतकुटाच्या डब्यात आहेत. नोटांना हिंगाचा वास येतो. त्याच्या मते चोर पळवायला तेवढा पुरे.

फुटबॉलमध्ये तो बोका ज्युनियर्सचा. घरात लाल-पांढरा टॉवेलही खपत नाही, कारण ते रिव्हर प्लेटचे रंग. आईने सुनेसाठी पाठवलेल्या पांढऱ्या, लाल काठांच्या साडीची घडी अजून मोडलेली नाही. आईला यातलं काही माहीत नाही, हे बरंच आहे.

आपण निघायची भाषा केली की तो रवींद्रनाथांना पुढे करतो. "१९२४ साली पेरूला जाता जाता टागोर इथे आजारी पडले. व्हिक्टोरिया ओकाम्पोने सान इसिद्रोला ठेवून घेतलं, तर जवळजवळ दोन महिने राहिले. आणि तुला आठवडा जड होतो?" टागोरांना निदान ताप होता, हे त्याला कोण सांगणार!

माणूस सोन्यासारखा आहे, घर ऐसपैस आहे. कुणाला जायचं असेल तर पत्ता खुशाल मागा. फक्त शाकाहारी असाल तर आधी कळवा. निखाऱ्यांवर गोमांसाच्या शेजारीच तो तुमच्यासाठी चीजची चकती भाजेल. आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला, त्याचं लक्ष नसताना, काहीतरी पोटात ढकलून घ्या.